वहीतला चौथा रकाना: एका खान्देशी घराने पावणेचार लाखांचं कर्ज कसं उतरवलं

जळगावच्या पश्चिमेला, धरणगाव रस्त्यावरच्या एका गावातल्या घराची ही हकिकत आहे. मे २०२३ ते डिसेंबर २०२५ असा अडीच वर्षांहून थोडा जास्त काळ मी या घरासोबत कागद-पेन घेऊन बसलो. माझी सगळी नोकरी सहकारी बँकेच्या वसुली खात्यात गेली. थकबाकीदाराच्या दारात उभं राहून मी पुष्कळ घरं पाहिली, पण त्या घरांचा हिशेब आतून पाहायची वेळ निवृत्तीनंतरच आली. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. नावं दिलेली नाहीत. बोलताना आम्ही एकमेकांना जे म्हणायचो तेच इथे ठेवतो: घरातला कर्ता तो दादा, त्याची बायको ती ताई, आणि मी काका.

पार्श्वभूमी

दादा जळगावच्या एमआयडीसीत एका डाळ मिलवर सुपरवायझर. हातात येणारा पगार २२,५०० रुपये. ताई घरी शिवणकाम करते. ब्लाऊज, फॉल-बिडिंग, शाळेचे गणवेश, असं मिळून महिन्याला सरासरी ५,५००. घरात दादाची आई, आठवीतली मुलगी आणि अकरा वर्षांचा मुलगा. घर वडिलोपार्जित, म्हणजे भाड्याचा ताप नाही. रेशन कार्ड केशरी, पण त्यावर धान्य मिळत नव्हतं.

कर्ज व्यसनातून किंवा उधळपट्टीतून आलेलं नव्हतं. २०२१ च्या सप्टेंबरात दादाचे वडील आजारी पडले. रात्री दोन वाजता दवाखान्यात अनामत भरायची होती, तेव्हा गल्लीतल्याच एका माणसाने ९०,००० रुपये काढून दिले, दरमहा शेकडा तीनने. वडील वाचले नाहीत. पुढचे विधी, दवाखान्याचं उरलेलं बिल आणि घराची गळती यासाठी बँकेचं वैयक्तिक कर्ज झालं, ताईचे दागिने तारण गेले, आणि महिन्याच्या तुटीसाठी क्रेडिट कार्ड वापरात आलं. ताई मला म्हणाली होती, "काका, कर्ज एकदम नाही झालं. येक येक करून घरात आलं, पाव्हण्यासारखं."

जून २०२३ अखेर देणं असं होतं:

हातउसने, शेकडा तीन दरमहा: ९०,०००
क्रेडिट कार्ड, दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास: ४८,०००
बँकेचं वैयक्तिक कर्ज, वर्षाला १५ टक्के, हप्ता ५,५४६, हप्ते बाकी ३६: १,६०,०००
मोबाईल आणि फ्रीजचे हप्ते, महिना २,३००, नऊ महिने बाकी: २०,७००
सोने तारण, वर्षाला १२ टक्के: ६०,०००

एकूण ३,७८,७००.

अडचण कुठे होती

पहिल्या भेटीत दादाने मला एकच प्रश्न विचारला: "काका, हे फिटायला किती वर्षं लागतील?" जूनअखेर मी सगळे आकडे मांडले तेव्हाही उत्तर देता आलं नाही, कारण त्या चालीने ते फिटणारच नव्हतं. हातउसन्याचे २,७००, कार्डाचे किमान २,४००, बँकेचे ५,५४६ आणि वस्तूंचे २,३०० असे महिन्याला १२,९४६ रुपये जात होते. उरत होते १५,०५४. घरखर्च होता १७,९००. म्हणजे दर महिन्याला साधारण २,८५० ची तूट पडत होती आणि ती किराणा दुकानाच्या वहीवर किंवा कार्डावर चढत होती.

हातउसन्याचं गणित सगळ्यात वाईट होतं. २२ महिन्यांत ५९,४०० रुपये व्याज देऊन झालं होतं आणि मुद्दल जसंच्या तसं ९०,०००. देणाऱ्याची अट होती की मुद्दल द्यायचं तर एकरकमी, तुकड्यात घेणार नाही. गावोगाव ही अट असते आणि माणूस त्यातच अडकतो. नव्वद हजार एकदम हाती येत नाहीत, म्हणून व्याज सुरूच राहतं.

त्यात फोन. कार्डाच्या वसुलीचे लोक दादाला रात्री नऊ वाजता मिलवर फोन करायचे. वसुली एजंटाने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्येच बजावलं आहे. हे मी ज्या खात्यात काम केलं त्या खात्याबद्दल आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. दादाने हे वाक्य एकदा फोनवर शांतपणे म्हटलं, कार्डाच्या कंपनीला लेखी कळवलं, आणि रात्रीचे फोन थांबले. कर्ज एका रुपयाने कमी झालं नाही, पण माणूस झोपायला लागला. झोपलेल्या माणसाबरोबर हिशेब करता येतो.

वहीतले दोन महिने

मी कापाकापीचा एकही सल्ला देण्याआधी मे आणि जून असे दोन महिने नुसतं लिहायला सांगितलं. दोनशे पानी वही, तीन रकाने: तारीख, कशाला, किती. दुसऱ्या आठवड्यात वही पाहताना मी चौथा रकाना आखला: कुणासाठी. याचं कारण माझ्या जुन्या नोकरीत आहे. वसुलीला गेलो की घरात सगळ्यात आधी कुणाचं काय बंद झालंय ते दिसायचं. पुरुषाच्या हातात फोन नवा असायचा आणि बाईच्या पायात दोन रंगांच्या चपला.

महिन्याची सरासरी अशी निघाली: किराणा ४,२००, दूध १,६५०, भाजी १,२००, गॅस १,१००, वीज १,३५०, पेट्रोल २,१००, मुलांचे क्लास-शाळा १,५००, तिघांचे रिचार्ज ७००, आईची औषधं १,४००, दादाचा बाहेरचा चहा-नाश्ता आणि पुडी १,५००, आहेर आणि सणवार १,२००.

चौथ्या रकान्यात "ताई" हा शब्द दोन महिन्यांत दोनदा आला. चपलेला टाका, २० रुपये. डोकेदुखीच्या गोळ्या, १२० रुपये. एकूण १४०. मी त्या आकड्याभोवती गोल केला, दादाला दाखवला, दादा बराच वेळ वहीकडे बघत राहिला. पण त्या दोन नोंदींतली दुसरी मला वाचता आली नाही. त्याबद्दल पुढे लिहितो.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय दादाच्या खिशातच होता: एका खासगी वित्त संस्थेचा मेसेज, चार लाख रुपये १८ टक्क्यांनी, सगळी देणी मिटवून एकच हप्ता. कागदावर हे वाईट नव्हतं, कारण ३६ टक्क्यांचं कर्ज १८ वर येत होतं. पण त्यात बँकेचं १५ टक्क्यांचं आणि सोन्याचं १२ टक्क्यांचं कर्जही १८ वर जात होतं. त्याहून मोठी भीती दुसरी. महिन्याची तूट बंद झालेली नव्हती. तुटीच्या घरात मोकळं झालेलं क्रेडिट कार्ड सहा महिन्यांत परत भरतं. हे मी नोकरीत इतक्या वेळा पाहिलं आहे की या पर्यायावर आम्ही फार वेळ घालवला नाही.

दुसरा पर्याय दागिने विकण्याचा. २२ ग्रॅम, त्या दिवसाच्या बावीस कॅरेटच्या भावाने साधारण एक लाख वीस हजार. तारणाचे साठ वजा केले तर साठ हजार हातात, आणि हातउसन्याचा दोन तृतीयांश भार कमी. व्याजाच्या हिशेबाने मला हेच बरोबर वाटत होतं आणि मी तसं बोललोही. ताई काही बोलली नाही. सासूबाई बोलल्या: "ती पोत तिच्या बापाने कापसाच्या पैशात केली. कापूस काय दर साली तसा पिकतो?" जळगावच्या सराफ बाजाराला मान आहे तो अशा घरांमुळेच. इथे सोनं ही बाईची एकमेव मालमत्ता असते, आणि कर्ज नवऱ्याच्या घराचं. विकायचं की नाही हे ठरवायचा अधिकार ताईचा होता. ती नाही म्हणाली.

मग मधला मार्ग निघाला. तारण ठेवलेल्या सोन्यावर बँक किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत देऊ शकत होती आणि यांनी निम्मंच उचललं होतं. तेच तारण ८८,००० पर्यंत वाढवायचं आणि वरचे २८,००० सरळ हातउसन्यात टाकायचे. शेकडा तीनचं कर्ज शेकडा एकवर आलं. दागिनाही शाबूत.

तिसरा प्रश्न हातउसने देणाऱ्याचा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. परवानाधारक सावकारालाही शेतकरी नसलेल्या माणसाकडून विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांहून जास्त व्याज घेता येत नाही. इथे ३६ चाललं होतं. सहकार खात्याच्या तालुक्यातल्या सहायक निबंधकांकडे तक्रार करता येते हे मी स्पष्ट सांगितलं. दादाचं उत्तर मी विसरलो नाही. "काका, कायद्याने तुमचं बरोबर. पण रात्री दोन वाजता तोच उठला होता." तक्रार करायची नाही, असं त्यांनी ठरवलं. ज्याला त्या गल्लीत राहायचं आहे त्याच्या जागी उभं राहून मी तो निर्णय मानला. मात्र बोलणी करायची, आणि बोलणी करताना कायदा माहीत आहे हे समोरच्याला कळू द्यायचं, एवढं ठरलं.

काय केलं

जुलै २०२३ च्या पहिल्या रविवारी आम्ही त्या माणसाकडे गेलो. २८,००० रोख घेऊन गेलो. पैसे समोर ठेवले आणि मग बोललो. रिकाम्या हाताने गेलो असतो तर तो ऐकला नसता. उरलेल्या ६२,००० वर शेकडा दोन, आणि मुद्दल दहा हजारांच्या पटीत तुकड्याने घ्यायचं, हे त्याने मान्य केलं. मी कागद केला, दोघांच्या सह्या घेतल्या, दर वेळी पाठीमागे नोंद. शेकडा दोन हेही कायद्याच्या वरच होतं. पण २,७०० चं व्याज १,२४० वर आलं.

कार्ड कात्रीने कापलं. नुसतं कापून भागत नाही, कारण नंबर मोबाईलमध्ये साठवलेला असतो, म्हणून ते बंद करायला लावलं आणि ४८,००० ची थकबाकी १८ हप्त्यांत फिरवून घेतली. हप्ता ३,०१७. आधीच्या किमान रकमेपेक्षा सहाशे जास्त, पण हा संपणारा हप्ता होता.

आता रोजच्या खर्चाचं.

सगळ्यात सोपी बचत औषधांची निघाली. आईची रक्तदाबाची आणि साखरेची औषधं चौदाशेची होती. डॉक्टरांना विचारून तीच औषधं जनऔषधी केंद्रातून घेतली, साडेचारशेत. ताई जळगावला शिवणाचं सामान आणायला जायचीच, मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याच फेरीत औषधं यायला लागली.

पेट्रोल. दादाचा मिलवरचा एक सहकारी वाटेतल्याच गावचा. एक आठवडा याची गाडी, एक आठवडा त्याची. सातशे वाचले.

किराण्यात दुकानदाराची उधारीची वही हाच खर्च होता. उधारीवर घेणारा भाव विचारत नाही. पुडा मागतो, तो देतो, लिहितो. आधी दोन महिने जुनी उधारी फेडली आणि मग महिन्याचा माल दाणा बाजारातून रोखीने आणायला सुरुवात केली. डाळ मिलमधूनच, फुटलेली डाळ. वरणात कुणाला कळतही नाही. नऊशे रुपये वाचले, आणि त्याच पैशात आधीपेक्षा जास्त डाळ शिजायला लागली.

दादाचा चहा-नाश्ता आणि पुडी पंधराशेवरून चारशेवर आली. हे लिहायला एक ओळ लागली, करायला तीन महिने. ताई सकाळी डब्याबरोबर कळण्याची भाकरी आणि ठेचा वेगळा बांधून द्यायची, गेटवरच्या पोह्यांच्या वेळेला खायला. पुडी पूर्ण सुटली नाही. दादाने ते लपवलं नाही, वहीत लिहिलं, याला मी मोठी गोष्ट मानतो.

रिचार्ज अडीचशेने उतरला, वीज दीडशेने. विजेत याहून जास्त हात घालता येत नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, त्या घरात म्हातारं माणूस आहे, कूलर बंद करा म्हणणाऱ्याने एक दुपार पत्र्याखाली बसून पाहावी. कमी वीज खाणारा नवा पंखा घ्यायचाही विचार झाला, पण अडीच-तीन हजार त्यात घालण्यापेक्षा ते आधी कर्जात घालणं योग्य होतं, म्हणून तो पुढे ढकलला.

राहिले आहेर आणि सणवार. हे सगळ्यात अवघड गेलं, कारण इथे पैशाबरोबर तोंड दाखवायचा प्रश्न असतो. एप्रिल २०२३ च्या आखाजीला दादाच्या बहिणीला साडी, भाच्यांना कपडे आणि गोडधोड यात साडेसहा हजार गेले होते, कार्डावर. आखाजी म्हणजे खान्देशातल्या लेकीबाळींचा सण. झोके, गाणी, माहेर. बहिणीला रिकामी ओटी कशी पाठवायची, या एका विचाराने दादा हैराण होता. मी म्हटलं, बहिणीला खरं सांगून बघा. त्याने फोन केला. ती म्हणाली, "भाऊ, माले साडी नको. पयले त्यान्हा पैसा दी टाक." फोन ठेवल्यावर दादा रडला. वर्षभर ज्या गोष्टीची लाज वाटत होती ती बहिणीला आधीच माहीत होती. १० मे २०२४ च्या आखाजीला ती आली, खापरावरचे मांडे झाले, अंगणात झोका बांधला, आणि खर्च बाराशेत झाला. लग्नाच्या आहेराला पाकिटात १०१ रुपये, सगळीकडे सारखे. कानबाईच्या, म्हणजे खान्देशातल्या देवीच्या, रोटाच्या वर्गणीवरून मात्र भाऊबंदकीत दोन शब्द झाले. ते झालेच, त्याला इलाज नव्हता.

एकूण कपात ४,८५० ची. ऐकायला मोठी वाटते. पण त्यातले २,८५० तर नुसती तूट बुजवण्यात गेले. कार्डाचा वाढीव हप्ता, सोन्याचं बाजूला काढायचं व्याज आणि हातउसन्याच्या व्याजातली घट, हे सगळं मिळवून-वजा करून महिन्याला दोन हजार मोकळे राहिले. अर्ध्या घराने सवयी बदलल्या आणि हाती दोन हजार. त्या संध्याकाळी दोघांची तोंडं उतरली. मी आधीच सांगायला हवं होतं की पहिलं वर्ष असंच असतं.

नियम एकच केला: वाचलेले पैसे पगाराच्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकायचे. महिनाअखेर उरेल ते टाकू म्हटलं तर कधीच उरत नाही.

जिथे चुकलो

जुलैत ताईने न सांगता दूध एक लिटरवरून अर्ध्यावर आणलं. वहीत आठशे वाचलेले दिसले आणि मी शाबासकी दिली. सप्टेंबरात एकदा संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो तेव्हा मुलगा ग्लासातल्या पांढऱ्या पाण्यात बोट बुडवून बघत होता. अर्धा लिटर पाच जणांना पुरवायला त्यात तितकंच पाणी जात होतं. त्याच वेळी दादाची पुडी अजून सुरू होती. काटकसर घरात कुठून सुरू होते ते माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि चौथा रकाना आखणाऱ्या मलाच ते दिसलं नाही. दूध त्याच दिवशी एक लिटर झालं आणि परत कधी कमी केलं नाही.

दुसरी चूक. नोव्हेंबर २०२३ मध्ये दिवाळीचा बोनस आणि साठलेले पैसे मिळून २०,००० हातउसन्यात भरले, बाकी ४२,०००. मला इतका आनंद झाला की हाताशी काहीच ठेवलं नाही. जानेवारीत दादाच्या गाडीचं इंजिन बसलं. काम साडेसात हजारांचं. गाडी नाही तर नोकरी नाही. दादा परत गल्लीतल्या त्या दाराकडे निघाला होता. तेव्हा ताईने सांगितलं की ती बारा जणींच्या भिशीत आहे, महिना पाचशे, आणि ज्या बाईचा नंबर होता तिला विनवून तिने सहा हजार आपल्याकडे घेतले आहेत. ही भिशी वहीत नव्हती. शिवणाच्या पैशांतून पाचशे काढून मगच ती आकडा सांगायची. दादाला राग आला. मी म्हटलं, तिने लपवलं म्हणून आज तू पुन्हा व्याजात गेला नाहीस. त्यानंतर पाच हजार टपालाच्या बचत खात्यात कायमचे ठेवले आणि त्याला हात लावायचा तर दोघांनी मिळून, असं ठरलं.

तिसरी चूक सगळ्यात महाग पडली. मार्च २०२४ मध्ये मी बसलो असताना ताईने मशीनवरून मुलीला हाक मारली, सुईत दोरा ओवून दे म्हणून. मुलगी सहज बोलून गेली, "मम्मीला दिसत नाही काका, दोन वर्षांपासून मीच ओवते." ताईचं वय तेव्हा बेचाळीस. डोकेदुखीच्या गोळ्यांची १२० रुपयांची नोंद मी दहा महिन्यांपूर्वी गोल करून ठेवली होती. जळगावला डोळे तपासले, चष्मा झाला ९०० रुपयांत. डोकेदुखी गेली, आणि रात्री दिव्याखालीही फॉल लावता यायला लागला. शिवणाची कमाई महिन्याला साधारण पंधराशेने वाढली. जुलै २०२३ लाच हा चष्मा घेतला असता तर मार्चपर्यंतच्या नऊ महिन्यांत तेरा-साडेतेरा हजार घरात आले असते. आम्ही त्या काळात रिचार्जचे अडीचशे मोजत बसलो होतो.

गव्हाचा वाद

याला वेगळी जागा देतो, कारण असा प्रश्न आपल्याकडे प्रत्येक घरात येतो. एप्रिल २०२४ मध्ये आईने वर्षाचा गहू भरायचा हट्ट धरला. चार क्विंटल, तीन हजारांनी, बारा हजार. मी विरोधात होतो. व्याजाचं कर्ज डोक्यावर असताना पैसे कोठीत कशाला कोंडायचे? सासूबाई म्हणाल्या, "पावसाळ्यात महाग घेशील तवा येईल का तुझं व्याज कामाला?" मग बसून हिशेब मांडला. पुढे वर्षभर सुटा घेतला तर किलोमागे सरासरी चार रुपये जास्त, म्हणजे सोळाशेचा फरक. तेच पैसे कर्जात टाकून दर महिन्याला लागेल तसा गहू घेतला, तर शेकडा तीनच्या व्याजाने साधारण साडेसोळाशे वाचतात. बरोबरी. पण आमचं व्याज आता शेकडा दोनवर आलं होतं, त्याने वाचत होते अकराशे. आई पाचशेने बरोबर होती. गहू भरला, आणि पुढच्या सालीही भरला. व्याजाचा दर माहीत नसता तर हा वाद कुणीच जिंकला नसता, नुसतं भांडण झालं असतं.

निष्पत्ती

मार्च २०२४ मध्ये वस्तूंचे हप्ते संपले आणि २,३०० मोकळे झाले. ते घरखर्चात विरघळू न देता त्याच तारखेला वेगळ्या खात्यात गेले. शिवणाची वाढ, कमी होत गेलेलं व्याज, घरात भरलेला गहू यामुळे महिन्याला सात हजारांच्या पुढे रक्कम बाजूला पडायला लागली. २०२४ च्या दिवाळीत हातउसन्याचा शेवटचा तुकडा दिला. त्या माणसाने कागद परत दिला, चहा पाजला. जानेवारी २०२५ ला कार्ड संपलं. मुलगी दहावीत गेल्यावर क्लासची फी मध्ये आली, त्यामुळे सोनं सुटायला दोन महिने उशीर झाला, पण ऑक्टोबर २०२५ मध्ये, धनत्रयोदशीच्या आठवड्यात, ८८,००० आणि उरलेलं व्याज भरून दागिने घरी आले. तोवर सोन्याचा भाव दहा ग्रॅमला एक लाख वीस हजारांच्या पुढे गेला होता. २०२३ मध्ये माझं ऐकून विकले असते तर पस्तावलो असतो. पण भाव चढेल हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाही ठाऊक नव्हतं. ताईचं "नाही" भावावर आधारलेलं नव्हतंच.

आज, डिसेंबर २०२५ मध्ये, बँकेचे सहा हप्ते बाकी आहेत. ते आताच एकदम भरून मोकळं व्हायची दादाला फार इच्छा होती. आकडे काढले: उरलेलं मुद्दल साधारण ३१,८७०, पुढच्या सहा महिन्यांचं व्याज १,४०० च्या आसपास. करारात मुदतीआधी बंद करण्याचं शुल्क चार टक्के, त्यावर जीएसटी, म्हणजे १,५०० रुपये. आधी फेडणं महाग पडत होतं. हप्ते चालू ठेवले.

वेगळं काय करता आलं असतं

परत असं घर समोर आलं तर पहिल्याच महिन्यात मी कमावणाऱ्या हातांची तपासणी करीन: डोळे, गाडी, मशीन. तिथे लागणारे हजार-दोन हजार कर्जाच्या आधी. पाच हजार हाताशी ठेवल्याशिवाय मोठी रक्कम कुणाच्या हातात देणार नाही. मुलांचं दूध आणि म्हाताऱ्यांची औषधाची गोळी वहीच्या पहिल्या पानावर वेगळी लिहीन, कापायची नाही म्हणून.

सावकारीच्या तक्रारीबाबत माझं मन अजून स्वस्थ नाही. त्या माणसाने आम्हाला सवलत दिली, पण गल्लीत त्याचे आणखी पाच-सहा जण शेकडा तीननेच भरतात. या घरापुरता निर्णय बरोबर होता. त्या पाच-सहा घरांसाठी तो तसा होता असं मी म्हणू शकत नाही. त्यांतल्या एका घराने परवा मला बोलावलं आहे.

जून २०२६ ला शेवटचा हप्ता जाईल आणि जुलैपासून ५,५४६ रुपये मोकळे होतील. दादाला नवी गाडी घ्यायची आहे, जुनीच्या इंजिनचा भरवसा नाही म्हणतो. ताईला मुलीची अकरावी जळगावला करायची आहे. दोघांनी आपापला आकडा वहीत लिहून ठेवला आहे, चौथ्या रकान्यासह. गाडीपुढे दादाने आधी "मी" लिहिलं होतं. ते खोडून "सगळे" केलं आहे. ताईने त्यावर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह टाकलं आहे.